तुकड्यांतला करकरा

बाबू, ते तुकडे बंबात घालू नकोस. सागाच्या वीतभर लांब, चार बोटं रुंद दोन फळ्या निघाल्या, तर बाजूला काढ. पुढच्या आठवड्यात चर्चसाठी करकरे करायचेत. पवित्र गुरुवारच्या ग्लोरियानंतर घंटा गप्प होतात, त्या थेट ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या ग्लोरियापर्यंत. मधल्या काळात लाकूडच वाजवायचं. ज्यू लोकही पुरीमच्या सणाला वाचनात दुष्ट हामानाचं नाव आलं की असलेच करकरे फिरवतात. 

करकरा करताना सगळे दातेरी चाकावर मेहनत घेतात आणि जीभ कसल्याही पट्टीची लावतात. वाजते ती जीभ. चाकाचा दात तिला फक्त उचलतो आणि सोडून देतो. म्हणून आधी जिभेचं बघ. सुका, जून बांबू घे. दीड बोट रुंद, अडीच-तीन मिलिमीटर जाड पट्टी काढ, रेषा लांबीला. हिरवी पाठ चाकाकडे ठेव, कारण ताण त्याच बाजूला येतो आणि घासतेही तीच. फार जाड राहिली तर मनगट दुखेल, पातळ झाली तर नुसती फडफड. तासायची तर आतली बाजू तास, पाठीला रंधा लावू नकोस.

चाक सात सेंटिमीटरचं पुरे. परकाराने वर्तुळ मार, आठ भाग कर. प्रत्येक खुणेवर मध्याच्या दिशेने आठ मिलिमीटर करवत घाल, मग शेजारच्या खुणेपासून त्या कापाच्या तळापर्यंत पटाशीने उतार काढ. दात जास्त केलेस तर किर्रर्र होतं. आपल्याला एकेक ठोका वेगळा ऐकू यायला हवा. आणि साध्या फळीतून चाक कापू नकोस. दोन बाजूंचे दात आडव्या रेषेत येतात आणि पटकन तुटतात. प्लायवूडचा जाड तुकडा घे, नाहीतर दोन पातळ फळ्या रेषा आडव्या-उभ्या करून चिकटव. पांगारा सावंतवाडीच्या लाकडी भाजीफळांना छान, इथे कामाचा नाही, तो मऊ.

आता दांडा. चाक दांड्याला पक्कं, दोन फळ्यांची चौकट दांड्यावर मोकळी. हे उलटं केलंस तर काहीच वाजणार नाही. नुसत्या फेविकॉलवर विसंबू नकोस, चाकातून आणि दांड्यातून आरपार खुंटी मार. फळ्यांची भोकं मात्र अर्धा मिलिमीटर सैल ठेव; पावसाळ्यात लाकूड फुगतं. तिथे तेल नको, धूळ धरतं. मेणबत्तीचं बुडखं घास. दांड्याच्या वरच्या टोकालाही आडवी खुंटी हवी, नाहीतर फिरवता फिरवता चौकट उडून कोणाच्या तरी कपाळावर बसेल.

फळ्यांच्या दुसऱ्या टोकाला मधे ठोकळा, चाकापेक्षा दोन मिलिमीटर जाड. त्यात जिभेची खाच कडेला घे, मधोमध नको. जीभ सरळ बसली की तिचं टोक दाताच्या तळाशी हलकं दाबलेलं असलं पाहिजे. तिला चिकटवू नकोस, पाचर मारून धर. जीभ केव्हातरी मोडणारच, तेव्हा बदलता आली पाहिजे. पोरं उलटं फिरवतात आणि उभ्या दाताला अडकून ती मोडते. जत्रेत पोरांना द्यायचा असेल तर दात दोन्ही बाजूंनी उतरते कर. आवाज थोडा बसका येतो, पण दुरुस्तीला परत येत नाही.

फिरवून बघ. आवाज बद्द आला तर आधी पाचर तपास, ती ढिली असते. मग जीभ पाच-सहा मिलिमीटर मागे घे. टोक दातावर जेवढं कमी टेकेल, तेवढं झटकन सुटतं. त्यानंतरही समाधान नसेल तर फळ्या पातळ कर.

काम संपलं की पाचर काढून जीभ मोकळी करून ठेव. वर्षभर दाबलेली राहिली तर वाकते आणि मग ठोकाच लागत नाही. पाचर दोऱ्याने दांड्यालाच बांध, म्हणजे पुढच्या वर्षी माझ्याकडे शोधायला येणार नाहीस.