एका ठोंबाचे तीन

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकात मुळांवर आणि ठोंबांवर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु राष्ट्रीय सेवा योजनेच्या निमित्ताने गेले वर्षभर माझ्या हाती पुस्तकाइतकेच खुरपेही होते, आणि त्यातून जे कळले ते बागेची हौस असणाऱ्या कोणालाही उपयोगी पडावे.

आपल्या ग्रंथालयामागे आंब्याखाली सुमारे २०० चौरस फुटांचा उतार आहे. दर पावसाळ्यात तेथील माती वाहून जाते आणि आंब्याची मुळे उघडी पडत चालली आहेत. हरळी लावा, ही सूचना प्रत्येक जण करतो. पण हरळीला भरपूर ऊन हवे. गर्द सावलीत ती विरळ होत होत नाहीशी होते. अशा जागी जमिनीलगत पसरून माती धरून ठेवणाऱ्या, सावली सोसणाऱ्या वनस्पती लागतात. रोपवाटिकेतून त्या हव्या तेवढ्या आणणे आपल्या ऐपतीबाहेरचे. मात्र थोडी रोपे आणून त्यांचीच संख्या वाढविता येते.

त्याचे मार्ग मुख्यतः दोन. सरपटणाऱ्या किंवा रसरशीत खोडाच्या झाडांचे छाट लावतात. खोडाच्या पेरापाशी आगंतुक मुळे फुटतात; म्हणून तीन-चार पेरांचा तुकडा पेराच्या किंचित खाली कापावा, खालची पाने काढावीत आणि एक-दोन पेरे मातीत जातील असा लावावा. पाने काढलेल्या काडीचा बुंधा कोणता आणि शेंडा कोणता हे ढिगात चटकन ओळखू येत नाही, तेव्हा कापतानाच सगळे बुंधे एका बाजूस ठेवावेत. उन्हातला चिनी गुलाब आणि जांभळी ट्रेडस्कॅन्शिया अशीच होतात. मंडूकपर्णी (हिलाच आपल्याकडे पुष्कळजण ब्राह्मी म्हणतात, पण त्या नावाची दुसरीही एक वनस्पती आहे) हे काम स्वतःच करते. तिचे धावते खोड जेथे टेकते तेथे मुळे धरते. आपण मधला दुवा तेवढा कापावयाचा. तिला ओल हवी, म्हणून उताराच्या पायथ्याशी तिची योजना केली.

दुसरा मार्ग विभाजनाचा. परसात गवती चहा लावणाऱ्या कोणत्याही आजीला तो ठाऊक असतो. आम्ही वरच्या भागासाठी ओफिओपोगॉन निवडले. पाने गवतासारखी लांब आणि अरुंद, परंतु हे गवत नव्हे; शतावरीच्या कुळातले झाड आहे. आदल्या दिवशी पाणी द्यावे, कुदळीने सबंध ठोंब उपसावा, माती झाडून मुळे मोकळी करावीत आणि शक्य तो हातांनीच ठोंब फोडावा. न फुटल्यास धारदार सुरी घ्यावी. प्रत्येक तुकड्याला स्वतःचे कोंब आणि स्वतःची मुळे असलीच पाहिजेत. हावरटपणाने एकेक कोंब सुटा केला तर तो जगेल कदाचित, पण जागा भरावयास फार दिवस घेईल. तीन-चार कोंबांचा तुकडा बरा. पाने एक तृतीयांश छाटावीत, कारण तुटलेल्या मुळांना सगळ्या पानांना पुरेल एवढे पाणी ओढता येत नाही. पूर्वी होते तितक्याच खोलीवर लावून माती घट्ट दाबावी.

अंतराचा हिशेब मात्र आधी कागदावर मांडावा. १०० चौरस फुटांना एकेक फुटावर १०० रोपे लागतात. अंतर ६ इंच केले की तीच ४०० होतात! आम्ही ९ इंच धरले. त्या मानाने सगळ्या उताराला सुमारे ३५५ रोपे हवीत. हाती होते ४० भरगच्च ठोंब. त्यांचे झाले १२०.

येथेच आमच्यात वाद झाला. जवळच्या एका बंगल्यातून वेडेलियाचे वेल फुकट मिळत होते. पिवळी फुले, तुकतुकीत पाने, आणि पसरण्याचा वेग असा की तेवढ्याच दिवसांत सारा उतार झाकला असता. बहुमत तिकडेच होते. परंतु उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली ही वनस्पती २००० साली प्रसिद्ध झालेल्या, जगातील शंभर अत्यंत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. तिच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात, म्हणजे जो गुण आपण शोधतो तोच तिच्यात अतोनात आहे. छाटलेला कचरा ओढ्याकाठी टाकला तरी तो तेथे रुजतो आणि इतर झाडोरा दडपतो. आपल्या कुंपणापलीकडेच ओढा आहे. शेवटी हात वर करून मते घेतली, आणि तीन मतांनी ओफिओपोगॉन राहिले.

ते सावकाश वाढते, हे विरोधकांचे म्हणणे खरेच आहे. म्हणून १२० तुकडे विरळ पसरले नाहीत. पाण्याचा पहिला लोट येतो त्या वरच्या तिसऱ्या हिश्शातच, आडव्या ओळींत, वरच्या ओळीतील फटीखाली खालच्या ओळीचे रोप येईल असे लावले. सरळ उभ्या ओळी लावल्या असत्या तर मधल्या फटींतून पाण्याला वाटच मिळाली असती. आंब्याची मुळे तोडली नाहीत. ती चुकवून रोपे बसविली. उरलेल्या जागेवर पालापाचोळा अंथरला आहे. पहिल्या वर्षी तण हातानेच काढावे लागते, दर पंधरवड्याला.

हे ठोंब पुन्हा फोडण्याजोगे व्हावयास दोन पावसाळे लागतील. तेव्हा १२० चे ३६० होतील, पाच शिल्लकही राहतील. मी त्या वेळी येथे नसेन. जे असतील त्यांच्यासाठी सांगतो: कुदळी दोनच आहेत, आणि धाकटीचा दांडा सैल आहे.