पाय साथ देत नसले तरी वल्हं मारता येतं



अपघातात किंवा लकव्यात पाय गेले की त्या माणसाला आपण काठावर बसवतो, जाळं शिवायला देतो. होडीत बसवायचा विचार कुणी करत नाही. पण ग्वाल्हेरच्या प्राची यादव यांचे पाय चालत नाहीत, तरी टोकियो पॅरालिम्पिकमध्ये २०० मीटरच्या अंतिम शर्यतीत त्या होत्या. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकमध्ये त्यांनी सुवर्णपदक घेतलं. हे कसं जमतं, ते आज समजून घेऊ.

१) बैठक : कमरेत बळ नसलं की माणूस कलंडतो. म्हणून बैठकीला उंच पाठ आणि दोन्ही कुशींना आधार लागतो. खाली जाड फोम हवाच. संवेदना नसलेल्या अंगाला घासून जखम झाली तरी कळत नाही, आणि ती लवकर भरतही नाही.

२) तोल : कयाकला दोन्ही बाजूंनी तरंगे लावतात. प्राची यांनी टोकियोत चालवलेल्या 'वा' या होडीला एका बाजूला तरंगा असतो. आपल्या कोकणातली उलांडी म्हणजे हेच. नवीन काही नाही.

३) वल्हं : बोटांत पकड नसेल तर दांडा रबर गुंडाळून जाड करायचा, किंवा हात वेल्क्रोच्या पट्ट्यानं धरून ठेवायचा. पट्टा एका झटक्यात सुटला पाहिजे.

४) बांधणं : सगळ्यात मोठी चूक इथेच होते. माणूस पडू नये म्हणून त्याला दोरीनं होडीला बांधतात. होडी उलटली तर तो खालीच अडकेल. बैठकीनं धरून ठेवावं, बांधून ठेवू नये. गाठ नको, बकल नको. ओढताच सुटेल असाच पट्टा वापरा.

फोम, वेल्क्रो, रबर हे काही परदेशी सामान नाही, आपल्या बेगम बाजारासारख्या बाजारात शोधलं तर मिळेल. पण खोल पाण्यात जाण्याआधी कमरेएवढ्या संथ पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, दोन पोहणारे बाजूला ठेवून होडी मुद्दाम उलटवून बघा. माणूस सहज बाहेर आला, तरच पुढे जायचं.

आणि खुर्चीतून होडीत उचलताना आधी त्यालाच विचारा, "कुठं धरू?" त्याचं अंग त्यालाच ठाऊक असतं.