सेलम येथील नळ्यांचा बाजा

आपल्या खेड्यांतील उपासनामंदिरांत बहुधा हाताची पेटी असते. भात्याने वारा भरतो, तो पितळेच्या बारीक जिभांवरून जातो आणि सूर निघतो. पाश्चात्य देशांतील मोठ्या मंदिरांत जो ऑर्गन असतो, त्यातही भाता व वारा आहेच. परंतु तेथे वारा नळ्यांत शिरतो व प्रत्येक नळी पाव्याप्रमाणे आपला एकच सूर देते. नळी लांब तर सूर खालचा, आखूड तर वरचा. अशा एका बाजाची हकीकत आम्ही येथे देतो.

डेव्हिड टॅनेनबर्ग हा जर्मनीत जन्मलेला मोरेव्हियन कारागीर अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया प्रांती, लिटिट्झ गावी ऑर्गन बांधीत असे. नॉर्थ कॅरोलायनातील सेलमच्या मोरेव्हियन मंडळीसाठी त्याने एक ऑर्गन तयार केला व तो १८०० साली तेथील नव्या मंदिरात उभा राहिला. त्यास हातांनी वाजविण्याच्या पट्ट्यांच्या दोन रांगा, आवाज बदलण्याच्या १३ खुंट्या आणि ६४४ नळ्या होत्या. १८०४ साली टॅनेनबर्ग मरण पावला.

सुमारे ११० वर्षे ह्या बाजाने मंडळीच्या गायनास साथ दिली. पुढे १९१० साली नवा ऑर्गन आला आणि जुना उतरविण्यात आला. तेव्हा त्याचे लाकूड जाळता आले असते, धातूच्या नळ्या वितळविता आल्या असत्या. तसे झाले नाही. सुटे भाग ठेवून देण्यात आले व पिढ्यांमागून पिढ्या तसेच राहिले.

अखेरीस व्हर्जिनियातील टेलर आणि बूडी ह्या कारागिरांनी ते काम हाती घेतले. असे काम म्हणजे केवळ तुकडे जोडणे नव्हे. नळीचे तोंड मूळ कारागिराने जसे कापले, तसाच तिचा आवाज असतो. म्हणून चेपलेली नळी टाकून नवी बसविली तर सूर मिळेल, पण जुना आवाज गेला तो गेलाच. यास्तव जुनी नळी सरळ करून पुन्हा बोलती करावी लागते. २००४ साली हा ऑर्गन सेलममध्येच, जुन्या मंदिरात नव्हे तर ओल्ड सेलमच्या अभ्यागतगृहातील सभागृहात, पुन्हा वाजू लागला. ९४ वर्षे तो मुका होता.

ह्यावरून आपण काय शिकावे? मोडलेले ते निरुपयोगीच, असे ठरविण्याची घाई करू नये. उपदेशक बंधूंनी जुनी पेटी उघडण्यापूर्वी प्रत्येक भागावर अनुक्रमांक घालावा, कोणता भाग कोठला हे मंडळीच्या वहीत लिहावे, आणि सर्व भाग वाळवी व ओल लागणार नाही अशा जागी एकत्र ठेवावे. दुरुस्त करणारा आज मिळाला नाही तरी पुढे मिळेल. फेकून दिलेला भाग मात्र त्यास कोठून मिळणार?