जळजळ मोजायची कशी?

जठरातील आम्ल उलटे अन्ननलिकेत चढले की छातीत जळजळ होते. हे आम्ल मोजता येते. नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत सोडतात. तिच्यावरील संवेदक २४ तास पीएच नोंदवतो. तो ४ च्या खाली किती वेळ होता, हे त्यावरून समजते. पण गंमत पाहा, आकडे सारखे असूनही एक रोगी शांत झोपतो, तर दुसरा रात्र बसून काढतो!

मग रोग्यालाच विचारणे आले. १९९६ साली अमेरिकेत व्हेलानोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी प्रश्नावली प्रसिद्ध केली. जळजळीने झोपमोड होते का? आहार बदलावा लागतो का? अशा प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण. ० म्हणजे त्रास नाही, ३ म्हणजे रोजचा त्रास, ५ म्हणजे नित्याची कामेही अशक्य. उपचारापूर्वीची व नंतरची बेरीज ताडून पाहतात.

मात्र ४ म्हणजे २ च्या दुप्पट दुःख, असा हिशेब करू नका. खनिजांच्या काठिण्यश्रेणीत पुष्कराज ८, कुरुंद ९ आणि हिरा १०. तरी कुरुंद व हिरा यांतील अंतर पुष्कराज व कुरुंद यांतील अंतराहून कितीतरी मोठे आहे. अशी श्रेणी क्रम सांगते, अंतर नव्हे. म्हणून दोन रोग्यांच्या तुलनेपेक्षा एकाच रोग्याचे आधीचे व नंतरचे गुण मला अधिक भरवशाचे वाटतात.