शेरू गडाच्या दारातच का बसला?

प्रश्न : एप्रिलअखेरच्या रविवारी आमच्या शेरूला (लॅब्रॅडोर, वय 4, वजन 36 किलो) घेऊन वर्धनगडावर गेलो. विट्याहून निघून पायथ्याशी पोचेपर्यंत साडेनऊ वाजले. चढ जेमतेम अर्ध्या तासाचा, पण शेरूनं दरवाज्याच्या सावलीत जी बैठक मारली ती तासभर मोडली नाही. वर्धनीमातेचं दर्शन आम्ही पाळीपाळीनं घेतलं. खाली मात्र धनगराचं किडकिडीत कुत्रं खुशाल उन्हात मेंढरांमागं फिरत होतं. आमचा कुत्रा लाडावलाय, की यात काही शास्त्र आहे?
– एक वाचक, विटा

उत्तर : लाडावला असेलही, पण त्या दिवशी तुमच्यात शहाणा तोच होता.

चढताना आपली पाठ घामानं भिजते आणि तो घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कुत्र्याला अशा घामाच्या ग्रंथी पंजांच्या गाद्यांपुरत्याच असतात. दवाखान्यात घाबरलेल्या कुत्र्याच्या पायांचे ओलसर ठसे फरशीवर उमटतात, तेवढाच काय तो त्याचा घाम. बाकी सगळी भिस्त धापेवर. एरवी मिनिटाला वीस-पंचवीस श्वास घेणारा कुत्रा धापा टाकू लागला की तीनशेच्या घरात जातो. एवढ्यानं तो दमत कसा नाही? झोपाळा त्याच्या लयीत असला की नुसत्या बोटानं झुलत राहतो, तशी कुत्र्याची छाती तिच्या अंगच्या लयीत हलत असते. ओल्या जिभेवरून आणि नाकाच्या आतल्या ओलाव्यावरून हवा फिरते, पाणी उडून जातं आणि रक्त थंड होतं.

आता गंमत बघा. वर्धनगडाच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर माण-खटाव पाचशेच्या आसपास. आपल्याकडची कोरडी हवा धापेला खरं तर सोयीची. कोकणातल्या दमट हवेत तीच धाप वाया जाते. पण कोरड्या हवेत पाणीही तितक्याच वेगानं खर्च होतं, आणि दमल्यावर जीभ बाहेर टाकून बसलेला कुत्रा आपण नुसता बघत राहतो. बाटली आपल्या पिशवीत असते, वाडगं मात्र घरी.

त्यात लॅब्रॅडोर हे मूळचं न्यूफाउंडलंडच्या गार पाण्यात कोळ्यांबरोबर राबणारं जनावर. अंगावर केसांचा दुहेरी थर, चढताना स्नायूंनी तयार केलेली उष्णता आत कोंडलेली, आणि पोट तापलेल्या कातळापासून वीतभर वर. ऊन त्याला दोन्ही बाजूंनी लागतं.

धनगराच्या कुत्र्याचं म्हणाल तर तुम्ही ते सकाळी पाहिलंत, दुपारी बाराला पाहिलं नाहीत. तोवर मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली माना घालून उभी असतात आणि कुत्रं बाभळीखालची माती उकरून त्या गार खड्ड्यात पसरलेलं असतं. त्याची खरी नोकरी रात्रीची, वाड्याभोवती लांडग्यावर नजर ठेवायची. शिवाय अंगावर चरबी नाही, आखूड केस, लांब पाय आणि जन्मापासून उन्हाची सवय. शेरू बहुधा कुलरसमोर झोपत असेल.

पुन्हा जायचं तर उजाडताना पायथा सोडा, आठला खाली या. दगडावर तळहाताची मागची बाजू टेकवा; सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजतील. पाणी त्याच्यासाठी वेगळं घ्या आणि घोट घोट पाजा. संध्याकाळी हिंडायचं तर मिरजेकडचा दंडोबाचा डोंगर बरा. सागरेश्वरला मात्र कुत्रा नेऊ नका. तिथं अभयारण्य आहे, हरणं आहेत.

हिरड्या लालभडक झाल्या, लाळ चिकट झाली, चाल लटपटली, तर उन्हाचा झटका समजा. कुत्र्याचं तापमान एरवी 38 ते 39 अंश सेल्सिअस असतं, 41 च्या पुढं जिवावर बेततं. सावलीत न्या, पोटावर, जांघेत, पायांवर साधं पाणी ओता, वारा घाला आणि तडक जनावरांच्या डॉक्टरकडे. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका. थोड्याच वेळात तो गरम होतो आणि आतली उष्णता अडवून धरतो.

आणि एक राहिलंच. आपल्या माळावर या दिवसांत कुसळं वाळलेली असतात, सराटे तर बारमाही. घरी आल्यावर शेरूच्या बोटांमधली बेचकी आणि कानांच्या पाळ्या उलटून बघा. कुसळाला टोक आणि उलटे केस असतात, एकदा कातडीत शिरलं की ते पुढंच सरकतं. डोकं सारखं एका बाजूला झटकत असेल, तर ते कानात गेलंय म्हणून समजा.