शंका-समाधान : मे महिन्यात पाणी पुरेल एवढीच बाग वाढवा

डिसेंबर-जानेवारीत जबलपूरहून येणाऱ्या पत्रांत एकच विषय वरचढ असतो : बागेची मांडणी बदलायची आहे, बाग वाढवायची आहे. वेळ उत्तम निवडली आहे. पावसाळ्याची ओल खालच्या थरात अजून शिल्लक असते, दिवसा उन्हात काम करवते आणि पुढच्या पावसाळ्यातल्या लागवडीची तयारी करायला पुरेसे दिवस हाताशी असतात. यंदा या एकाच विषयावरच्या निवडक शंका घेतो.

शंका : आमच्या जुन्या घराभोवती बरीच मोकळी जागा आहे. आई-बाबा जमेल तशी झाडे लावत गेले. आता भाजी, फुले, फळझाडे आणि बसायची जागा असे सगळे नीट मांडायचे आहे. सुरुवात कुठून करावी? (नेपियर टाऊन)

समाधान : आठवडाभर कुदळ बाजूला ठेवा आणि मोजपट्टी हातात घ्या. आलेख कागदावर एक चौकट म्हणजे एक फूट धरून घर, कुंपण, नळ, सेप्टिक टँक आणि सध्याची झाडे मांडा. पावसाळ्यात पाणी कुठे साचले होते तेही आठवून खूण करा. तिथे कोणतेही फळझाड नको.

त्यानंतर सावली मोजा. जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. त्यामुळे जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दहा फुटी भिंतीची सावली पडतच नाही म्हटले तरी चालेल. २२ डिसेंबरच्या आसपास मात्र त्याच भिंतीची दुपारची सावली उत्तरेकडे सुमारे साडेदहा फूट जाते. या दिवसांत दुपारी बाराच्या थोडे नंतर सावलीच्या कडेने चुन्याची रेघ ओढा. रेघेच्या आत टोमॅटो, कोबी, वाटाणा लावला तर पाने वाढतील, पीक मिळणार नाही. तो पट्टा हळद आणि अळूला द्या. हळद पावसाळ्याच्या तोंडावर लावतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत पाने वाळल्यावर काढतात. अळूही थंडीत दबूनच असतो. या दोघांना हिवाळी उन्हाची फारशी गरज नसते. हिवाळी भाजीचे वाफे रेघेबाहेर घ्या.

वाफा चार फुटांपेक्षा रुंद नको. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय द्यावा लागत नाही आणि माती दबत नाही. वाफ्यांमध्ये दोन फुटांची वाट ठेवा. जिथून हातगाडी न्यायची तिथे तीन फूट हवेत.

शंका : अंगणाची एक बाजू हरळी आणि लव्हाळ्याने भरली आहे. माती काळी, चिकट. तिथे नवे वाफे करायचे आहेत. वाळू मिसळली तर माती मोकळी होईल का? (अधारताल)

समाधान : वाळू मिसळू नका. थोड्या वाळूने काळी चिकणमाती मोकळी होण्याऐवजी आणखी घट्ट बसते, आणि उपयोग व्हावा एवढी वाळू घालणे परवडत नाही. या मातीला शेणखत आणि पालापाचोळ्याचे खतच लागते. दहा फूट लांब, चार फूट रुंद वाफ्याला चांगले कुजलेले १५ ते २० किलो खत वरच्या वीतभर थरात मिसळा.

खणायची वेळ ओळखायला मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आहे, खणा. चपटा होऊन तसाच राहिला तर दोन-तीन दिवस थांबा. ओली काळी माती खणली की ढेकळे होतात आणि ती वाळली की कुदळीलाही दाद देत नाहीत. जबलपूरला वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. म्हणून वाफे जमिनीपेक्षा वीतभर उंच, गादीसारखे करा.

हरळी कुदळीने तोडत बसू नका, तुटलेले प्रत्येक पेर नवे रोप होते. काटेरी फावड्याने माती उचला, मुळांचे धागे हाताने वेचा आणि उन्हात वाळवा. लव्हाळ्याच्या जमिनीतल्या गाठी एका खणण्यात संपत नाहीत. त्या भागात यंदा वाफा करू नका. एप्रिल-मेमध्ये जमीन भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरा. खालची माती तापून तणांचे बियाणे बरेचसे मरते. गाठी मात्र चिवट असतात, त्या पुढेही वेचाव्या लागतील. हा उपाय हिवाळ्यात चालत नाही, ऊन पुरत नाही. तणांवर काम करणारे खरपतवार अनुसंधान निदेशालय तुमच्याच भागात, महाराजपूरला आहे. माती परीक्षणासाठी जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयही जवळच आहे. या दोन्ही संस्थांत जाऊन जरूर विचारा.

शंका : नव्या मांडणीत चार वर्षांचे कागदी लिंबाचे झाड वाटेत येते. ते आत्ता हलवले तर जगेल का? (राइट टाऊन)

समाधान : आत्ता हलवू नका. लिंबू सदाहरित आहे. थंडीत नवी मुळे फुटत नाहीत आणि पाने मात्र पाणी मागत राहतात. हलवायचे जुलैत, पण तयारी आजपासून करायची.

खोडापासून दीड फुटावर अर्धवर्तुळाकार चर खणा; फावड्याएवढा रुंद, दीड फूट खोल. आड येणारी मुळे धारदार कात्रीने स्वच्छ कापा. चरात माती आणि कुजलेले खत निम्मे-निम्मे भरून पाणी द्या. उरलेले अर्धे वर्तुळ फेब्रुवारीच्या अखेरीस असेच करा. कापलेल्या टोकांवर चार-पाच महिन्यांत बारीक मुळांची जाळी तयार होते आणि तीच झाडाला नव्या जागी जगवते. यंदाचा बहार खुडून टाका. पाऊस नीट लागला की मातीचा गड्डा गोणपाटात बांधून उचला आणि पूर्वीच्याच खोलीवर लावा. नवा खड्डा मात्र उन्हाळ्यात खणून तापू द्या.

गुलाबाचे उलट आहे. तो जागेवरून हलवायचा असेल तर हेच दिवस योग्य आहेत.

शंका : आमचे घर शहराबाहेर, नदीकडच्या सखल भागात आहे. गेल्या जानेवारीत एका रात्रीत टोमॅटो आणि पपईची रोपे काळी पडली. नवी बाग इथे करावी का? (तिलवारा)

समाधान : करावी, पण जागा पाहून. थंड हवा जड असते. ती उताराने खाली येऊन सखल भागात साचते. जानेवारीत शहराचे किमान तापमान सरासरी नऊ-दहा अंश असले तरी काही रात्री ते पाच अंशांच्या आसपास येते आणि उघड्या सखल जागी त्याहूनही खाली. म्हणून पपई, केळी, टोमॅटो तुमच्या जागेतल्या उंच बाजूला घ्या. पालक, मेथी, मुळा, कोबी खाली चालतील.

आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर त्या संध्याकाळी वाफ्यांना हलके पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब रात्री जास्त वेळ सोडत राहते. काठ्या रोवून त्यावर जुनी चादर टाका, पानांना टेकू देऊ नका आणि सकाळी काढा. पपईच्या रोपांना गवताचा आडोसा करून आग्नेय बाजू उन्हासाठी उघडी ठेवा. करपलेले शेंडे लगेच छाटू नका. मेलेला भाग आतल्या कळ्यांना झाकतो. फेब्रुवारीत नवी फूट दिसली की छाटा.

शंका : नवे वाफे तयार झाले. जानेवारीत वाटाणा लावला तर चालेल का? (रांझी)

समाधान : जबलपूरचा वाटाणा देशभर जातो, त्यामुळे मोह होणारच. पण त्याची पेरणी ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबरची. आता लावला तर शेंगा भरण्याच्या वेळी ऊन तापते आणि भुरी रोग येतो. पुढच्या वर्षी इथल्याच कृषी विश्वविद्यालयाचे जवाहर मटर वाण घ्या. सध्या पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा पेरा. वांगी आणि टोमॅटोची रोपे आडोशाला तयार करा. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात भेंडी, दुधी, काकडी लावा.

शंका : अंगणातल्या वृंदावनातली तुळस दर हिवाळ्यात सुकते. फेरमांडणीत वृंदावन हलवावे का? (गोलबाजार)

समाधान : वृंदावन आहे तिथेच राहू द्या आणि बाकीची मांडणी त्याभोवती करा. फक्त दक्षिणेकडून ऊन अडवणाऱ्या फांद्या छाटा. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा, पाणी सकाळीच आणि बेताने द्या, कडाक्याच्या रात्री कापड टाका. चार मंजिऱ्या वाळवून बी ठेवा आणि फेब्रुवारी अखेरीस नवे रोप करा. तीन-चार वर्षांची तुळस बदलावीच लागते.

शंका : शेजारचा दीड हजार चौरस फुटांचा भूखंड घेतला आहे. यंदाच सगळी बाग करून टाकावी असे वाटते. (विजयनगर)

समाधान : आधी पाण्याचा हिशेब करा. शंभर चौरस फूट भाजीच्या वाफ्याला डिसेंबरमध्ये दिवसाला २० ते २५ लिटर पाणी पुरते. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर गेला की तोच वाफा ६० ते ७० लिटर मागतो. तुमचा सगळा भूखंड लागवडीखाली आणला तर रोज सुमारे हजार लिटर, म्हणजे घरावरची एक भरलेली टाकी फक्त बागेला लागेल. अशी बाग हिवाळ्यात देखणी दिसते आणि मेअखेर निम्मी मरते.

यंदा पाचशे चौरस फूटच वाफे करा आणि त्यावर पालापाचोळ्याचे तीन बोटे जाड आच्छादन ठेवा. उरलेल्या जागेत पेरू, सीताफळ आणि लिंबासाठी पंधरा-पंधरा फुटांवर दोन-तीन फूट खोल खड्डे आखा, उन्हाळ्यात खणून तापवा आणि जुलैत लावा. मधल्या जमिनीत जूनमध्ये ताग किंवा धैंचा पेरून दीड महिन्याने फुलोऱ्यापूर्वी मातीत गाडा. पुढच्या हिवाळ्यात ती जमीन वाफ्यांसाठी तयार असेल.

सर्वच वाचकांना विनंती : आराखडा काढाल तेव्हा कागदाच्या एका कोपऱ्यात मे महिन्यात रोज किती लिटर पाणी बागेला देता येईल तो आकडा आधी लिहा, आणि वाफ्यांची संख्या त्यावरूनच ठरवा.