पाठ : आपल्या घराण्याचा इतिहास – कुलवृत्तांत लेखन

प्रास्ताविक

राजांचा, युद्धांचा आणि राज्यांचा इतिहास आपण वाचतो. परंतु ज्या घरात आपण जन्मलो, त्या घराचा इतिहास आपल्याला कितपत ठाऊक असतो? आजोबांचे नाव सांगता येते. पणजोबांच्या नावाशी मात्र बरेचजण अडखळतात आणि पणजीचे नाव तर क्वचितच कोणाला आठवते. घरातील एक वृद्ध व्यक्ती निघून जाते, तेव्हा तिच्याबरोबर अनेक नावे, गावे आणि घटना कायमच्या नाहीशा होतात. त्या जपाव्यात म्हणून उतारवयात अनेकजण आपल्या घराण्याचा इतिहास शोधून लिहितात. या लेखनप्रकाराची ओळख आपण प्रस्तुत पाठात करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
- कुलवृत्तांत म्हणजे काय, हे सांगता येईल.
- घराण्याची माहिती मिळवण्याची साधने ओळखता येतील.
- ऐकीव माहितीवरून घटनेचा काळ ठरवता येईल.
- आपल्या घराण्याविषयी सुसंगत टिपण लिहिता येईल.

मूळपाठ

१. वंशावळ आणि कुलवृत्तांत

मूळपुरुषापासून आजच्या पिढीपर्यंतच्या नावांची क्रमवार मांडणी म्हणजे वंशावळ. या नावांना जेव्हा गाव, व्यवसाय, स्थलांतर, सुखदुःखे यांची जोड मिळते, तेव्हा कुलवृत्तांत तयार होतो. वंशावळ हा सांगाडा होय. कुलवृत्तांत हे जिवंत शरीर होय.

मराठीत ही परंपरा जुनी आहे आणि ती महाराष्ट्रापुरती मर्यादित नाही. तमिळनाडूतील तंजावर येथे बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजे दुसरे यांनी इ.स. १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत ग्रंथरूपाने छापले. मात्र हे ग्रंथ बहुतांशी लिहित्यावाचत्या आणि वतनदार घराण्यांचे होते. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, अक्षरओळख नव्हती, त्यांचा इतिहास तोंडी राहिला किंवा हरवला.

२. उतारवयातील लेखन

प्रपंचाचा भार उतरल्यावर माणसाला मागे वळून पाहण्याची सवड मिळते. कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे घरावरील कर्ज फेडण्याच्या आशेने १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात गेले आणि तेथील बंडाच्या धामधुमीत सापडले. सुमारे पंचवीस वर्षांनंतर, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी आपली हकिकत लिहून काढली. ‘माझा प्रवास’ या नावाने ती १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. एका सामान्य भिक्षुकाच्या आठवणी आज इतिहासाचे साधन ठरल्या आहेत.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. डॉ. नरेंद्र जाधव यांच्या वडिलांना शालेय शिक्षण फारसे मिळाले नव्हते. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मुलाच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या आयुष्याविषयी लिहायला घेतले. या लेखनाचा आधार लाभलेले ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे पुस्तक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे अनेक भाषांत पोहोचले. घराण्याचा इतिहास लिहिण्यासाठी पदवी लागत नाही आणि वंशपरंपरागत वैभवही लागत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

३. माहितीची साधने

(अ) माणसे – पहिले साधन म्हणजे घरातील आणि नात्यातील वृद्ध मंडळी. कागद उद्याही सापडेल; माणूस उद्या भेटेलच असे नाही. म्हणून आरंभ येथूनच करावा. ‘जुन्या आठवणी सांगा’ असे मोघम विचारू नये. ‘तुमच्या लहानपणी घरात कोण कोण राहत असे? पाणी कोठून आणीत? गाव का सोडले?’ असे नेमके प्रश्न विचारावेत. जुने छायाचित्र हाती दिले की आठवणी आपोआप वाहू लागतात. सांगणाऱ्याचे शब्द शक्यतो जसेच्या तसे टिपावेत आणि खाली तारीख घालावी.

(आ) कागदपत्रे – शाळा सोडल्याचा दाखला, जन्ममृत्यूच्या नोंदी, लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, जुनी पत्रे, सातबारा उतारा आणि जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे दाखवणारे फेरफार यांतून नावे व तारखा मिळतात. जुने कागद पुष्कळदा मोडी लिपीत असतात. विसाव्या शतकाच्या मध्यापासून मोडीचा वापर मागे पडला. म्हणून असे कागद जाणकाराकडून वाचून घ्यावेत. ‘वाचता येत नाही’ म्हणून ते रद्दीत टाकू नयेत.

(इ) परंपरागत नोंदी – नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, हरिद्वार अशा क्षेत्रांतील तीर्थोपाध्याय यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले आहेत. गाव व आडनाव सांगितल्यास काही वेळा पूर्वजाने स्वहस्ते केलेली नोंद पाहायला मिळते. दक्षिण महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात हेळवी समाजातील लोक गावोगाव जाऊन घराण्यांच्या वंशावळी सांगत आले आहेत.

४. काळ कसा ठरवावा?

वृद्ध माणसे सन सांगत नाहीत, घटना सांगतात. ‘मानमोडीच्या साथीत आजोबा रांगत होते’ असे कोणी म्हटले, तर ती १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ असल्याने आजोबांचा जन्म १९१७ च्या सुमारास झाला असावा, असे अनुमान काढता येते. पानशेतचे धरण फुटले ते १२ जुलै १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी, कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ रोजी, तर महाराष्ट्रातील मोठा दुष्काळ १९७२ चा. अशा घटना काळाच्या खुणा म्हणून उपयोगी पडतात.

जुन्या पत्रिकांत शालिवाहन शक असतो. त्यात ७८ मिळवल्यास इसवी सन येतो. मात्र नवे इसवी वर्ष लागल्यानंतरच्या, म्हणजे माघ-फाल्गुनातील, तिथीसाठी ७९ मिळवावे लागतात. शके १८४० च्या भाद्रपदातील घटना इ.स. १९१८ ची ठरते.

आणखी एक दक्षता घ्यावी. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत अनेक घरांत होती. त्यामुळे एकाच नावाच्या दोन व्यक्ती एकच समजल्या जातात आणि मधल्या दोन पिढ्या गळतात. वडिलांचे नाव पाहून ही गफलत टाळता येते. बाप आणि मुलगा यांच्या वयात आठ-दहा वर्षांचेच अंतर दिसले, तर वंशावळीत चूक असण्याची शक्यता तपासावी.

५. गळालेली नावे

जुन्या वंशावळींत बहुधा पुरुषांचीच नावे आढळतात. लेक सासरी गेली की तिची शाखा तेथेच खुंटते. सून घरात आली की लग्नात तिचे नाव बदलले जाई. त्यामुळे तिचे माहेरचे नाव, तिचे गाव, तिची माणसे सारेच पुसले जाई. ज्या बाईने दुष्काळात घर तगवले, तिचा उल्लेख ‘अमक्याची पत्नी’ एवढाच उरतो. बाळपणी दगावलेली मुले, विधवा होऊन माहेरी परतलेली आत्या, रागाने घर सोडून गेलेला काका यांनाही वंशवेलीत जागा मिळत नाही.

आज लिहिणाऱ्याने ही उणीव भरून काढली पाहिजे. प्रत्येक स्त्रीचे माहेरचे नाव आणि गाव आवर्जून विचारावे. जात्यावरच्या ओव्या, घरगुती औषधे, पदार्थ करण्याच्या पद्धती यांतही स्त्रियांचा इतिहास दडलेला असतो. ज्यांचे नाव कोणत्याही कागदावर नाही, त्यांचे नाव लिहिणे हे कुलवृत्तांतकाराचे पहिले कर्तव्य होय.

६. लेखन करताना

कुलवृत्तांत म्हणजे घराण्याची स्तुती नव्हे. पूर्वज शूर होते, श्रीमंत होते, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पुरावा नसेल तर ‘घरात असे सांगतात’ असे स्पष्ट लिहावे. दोन जणांनी एकच घटना वेगवेगळी सांगितली, तर दोन्ही कथने नोंदवावीत. कर्ज, भाऊबंदकी, स्थलांतर यांविषयीही संयमाने लिहावे. मात्र हयात व्यक्तींची खाजगी माहिती त्यांच्या संमतीवाचून देऊ नये. लेखन पूर्ण झाल्यावर त्याच्या चार-पाच प्रती काढून वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात.

ग्रंथ छापला गेला नाही, तरी शंभर पानी वही पुरेशी आहे. पुढच्या पिढीला आपल्या माणसांची नावे कळली, ती कशी जगली हे कळले, की या श्रमाचे चीज झाले.

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा : भोसले वंशाचा इतिहास (तंजावर / नाशिक / गया) येथील मंदिराच्या भिंतीवर कोरलेला आहे.
२. शके १८९३ च्या माघ महिन्यातील विवाह कोणत्या इसवी सनात झाला असेल?
३. चूक की बरोबर ते सांगा : पुरावा नसलेली गोष्टही ठामपणे लिहावी.

शब्दार्थ

वतनदार – पिढीजात हक्काची जमीन किंवा अधिकार असलेला. तीर्थोपाध्याय – तीर्थक्षेत्री धार्मिक विधी करणारे पुरोहित. भाऊबंदकी – भावाभावांतील कलह. हयात – जिवंत.

आपण काय शिकलो?

- वंशावळ नावे देते. कुलवृत्तांत त्या नावांमागचे जीवन सांगतो.
- माणसे, कागदपत्रे व परंपरागत नोंदी ही माहितीची तीन प्रमुख साधने आहेत.
- स्त्रिया आणि विस्मृतीत गेलेल्या व्यक्ती यांची नोंद करणे आवश्यक आहे.
- पुरावा आणि ऐकीव माहिती यांतील भेद लेखनात स्पष्ट दिसला पाहिजे.

स्वाध्याय

१. ‘माणसांपासून आरंभ करावा’ असे लेखात का म्हटले आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. जुन्या वंशावळींतून कोणाची नावे गळाली आणि का, ते स्पष्ट करा.
३. घरातील किंवा शेजारच्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारण्यासाठी दहा प्रश्न तयार करा.
४. तुमच्या आजीचे किंवा पणजीचे माहेरचे नाव व गाव शोधून तिच्याविषयी पंधरा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे : १. तंजावर २. इ.स. १९७२ ३. चूक